वाचकांचे प्रश्न : खांबावरचे सेन्सर, कार्बन फायबर आणि आतली गंजलेली सळई

प्रश्न : दादरमधील आमची पाच मजली आरसीसी इमारत १९७८ सालची आहे. स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला असता एका कंपनीने सुचवले, की खांबांवर ‘स्मार्ट’ पीझो सेन्सर चिकटवले तर इमारतीची प्रकृती मोबाइलवर सतत दिसत राहील आणि ऑडिटची गरजच उरणार नाही. सभासदांत यावरून दोन तट पडले आहेत. आपले मत कळवावे.
— सोसायटीच्या सचिव, दादर

उत्तर : ऑडिटच्या बदल्यात सेन्सर, असा व्यवहार सोसायटीने करू नये. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घ्यावीच लागते, आणि कोणतेही उपकरण बसवल्याने ते बंधन सुटत नाही.

तरीही हे तंत्र खोटे आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या मते गेल्या काही दशकांतील संरचना-संशोधनातील ही एक अतिशय सुंदर कल्पना आहे. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यावर विद्युतभार निर्माण होतो, हे ज्याक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. याच्या उलटही घडते, म्हणजे अशा पदार्थाला व्होल्टेज दिले की तो किंचित आकसतो किंवा प्रसरतो. आज वापरली जाणारी चकती शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून बनवलेल्या सिरॅमिकची असते; ती साधारण नखाएवढी असून इपॉक्सी या चिकट रसायनाने चिकटवली जाते. सेकंदाला ३० हजार ते ४ लाख आवर्तनांच्या विद्युतप्रवाहाने ती थरथरू लागली, की तिच्याखालचे काँक्रीटही त्या थरथरण्याला साथ देते किंवा विरोध करते, आणि तो विरोध चकतीच्या विद्युत प्रतिबाधेत, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यात, उमटतो. आज मिळालेला या प्रतिबाधेचा आलेख पूर्वीच्या आलेखाशी ताडून पाहिला, की मधल्या काळात जवळपास एखादी बारीक चीर पडली का, हे कळू शकते.

अडचण ‘जवळपास’ आणि ‘पूर्वीच्या’ या दोन अटींत आहे. इतक्या उच्च वारंवारितेची कंपने फार दूर जात नाहीत. धातूच्या साध्या तुळईत चकतीचा आवाका दोन मीटरपर्यंत पोहोचतो, परंतु काँक्रीटमध्ये तो अर्ध्या मीटरच्या आसपासच थांबतो. तळमजल्याच्या दहा खांबांवर दहा चकत्या लावल्या, तर गच्चीखालच्या स्लॅबविषयी आणि स्वच्छतागृहांच्या शाफ्टलगतच्या तुळयांविषयी, म्हणजे मुंबईतील इमारती जिथे खरोखर खराब होतात त्या जागांविषयी, मोबाइलवर काहीही दिसणार नाही. शिवाय आपली इमारत जुनी आहे. आज घेतलेला पहिला आलेख हा आज आहे त्या अवस्थेचा आलेख असेल. आतली सळई आधीच गंजलेली असेल, तर सेन्सर त्या गंजलेल्या अवस्थेलाच मूळ स्थिती मानून चालेल.

समुद्राकाठच्या या शहरात काँक्रीटचा मुख्य शत्रू गंज आहे. खारी हवा, गळती आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांमुळे सळईभोवतीचे अल्कधर्मी संरक्षण नाहीसे होते, मग लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतून फुटून पोपडे पडतात. म्हणून ऑडिटरकडे पुढील चाचण्यांचा आग्रह धरावा. काँक्रीटमधून जाणाऱ्या अल्ट्रासॉनिक लहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षा कमी भरला, तर ते काँक्रीट संशयास्पद समजतात. हाफ-सेल चाचणीत, म्हणजे सळईचा विद्युत विभव (व्होल्टेज) मोजणाऱ्या चाचणीत, तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही अधिक ऋण विभव आला, तर त्या जागी गंजण्याची क्रिया चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरली जाते. फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फोडलेल्या ताज्या काँक्रीटवर फवारले असता जो भाग गुलाबी होत नाही, त्याने आपला अल्कधर्मीपणा गमावलेला असतो. केवळ फोटो आणि हातोडीचे ठोके यांवर उरकलेला अहवाल स्वीकारू नये.

सेन्सरवर खर्च करायचाच असेल, तर तो दुरुस्तीच्या वेळी करावा. पोपडा काढून नवे मॉर्टर भरले, की वर्षा-दोन वर्षांत त्या ठिगळाच्या कडेलाच पुन्हा तडा जातो, हा अनुभव अनेक सोसायट्यांना आहे आणि त्याचा दोष सरसकट कंत्राटदाराच्या माथी मारला जातो. काम निकृष्ट असू शकते, पण विद्युत-रासायनिक कारणही तितकेच खरे आहे: नव्या मॉर्टरमधील सळई सुरक्षित होते आणि तिला जोडलेली, शेजारच्या जुन्या क्षारयुक्त काँक्रीटमधील सळई आता तिच्याऐवजी गंजू लागते. अशा कडेला, ज्याच्या तुलनेत सळईचा विभव मोजता येतो असा संदर्भ इलेक्ट्रोड पुरून ठेवला, तर तडा दिसण्याच्या पुष्कळ आधी सूचना मिळू शकते. त्याचे वाचन कोणी घ्यायचे आणि आकडा बिघडला तर कोणाला कळवायचे, हे मात्र सर्वसाधारण सभेच्या ठरावातच लिहून ठेवावे.

प्रश्न : १४ मार्च २०१९ रोजी सीएसएमटीजवळचा पादचारी पूल कोसळला. ताठरता (वाकण्याला होणारा विरोध) घटली की कंपनांची वारंवारिता घटते, असे आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. मग प्रत्येक पुलाची कंपने सतत मोजून बिघाड आधीच ओळखता येणार नाही का?
— स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : त्या दुर्घटनेत माणसे प्राणास मुकली, आणि आधीच्या ऑडिटमध्ये त्या पुलाला किरकोळ दुरुस्तीसह वापरास योग्य ठरवण्यात आले होते, त्यामुळे आपला प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तकातील सूत्रही बरोबर आहे. पण वारंवारिता ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे संपूर्ण पुलाची ताठरता १० टक्क्यांनी घटली, तरी वारंवारिता ५ टक्क्यांच्या आसपासच उतरते. आता याच्या शेजारी न्यू मेक्सिकोतील अलामोसा कॅन्यन पुलावरचे मोजमाप ठेवून पाहा: कोणताही बिघाड नसताना, केवळ उन्हाने तापल्यामुळे आणि रात्री निवल्यामुळे, त्या पुलाची पहिली, म्हणजे सर्वांत कमी, नैसर्गिक वारंवारिता २४ तासांत सुमारे ५ टक्क्यांनी हलली.

त्याच राज्यात अल्बुकर्कजवळ, पाडायला काढलेल्या आय-४० महामार्गाच्या पुलावर १९९३ मध्ये याहून कठोर प्रयोग झाला. पोलादी तुळई मुद्दाम चार टप्प्यांत कापली. न कापलेल्या पुलाची पहिली वारंवारिता २.४८ हर्ट्झ होती; पहिल्या कापानंतर ती २.५२, म्हणजे किंचित वाढलेलीच, मिळाली आणि खालची पट्टी पूर्ण कापल्यावरच ती २.३० वर आली. तोपर्यंत जे नुकसान झाले होते ते शोधायला उपकरणाची गरज नव्हती. आपण प्रकल्पासाठी हा विषय निवडणार असाल, तर या दोन पुलांवरचे प्रयोग मुळातून अभ्यासावेत, असा माझा आग्रह आहे.

याचा अर्थ मोजमाप निरुपयोगी आहे असा नाही. ते नेमक्या जागी आणि तापमानासह करावे लागते. स्थानिक विकृती (ताणामुळे लांबीत होणारा बदल) मोजायला प्रकाशतंतूतील ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परतवणारी सूक्ष्म रचना, मला मुंबईसाठी विशेष योग्य वाटते, कारण रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या ओव्हरहेड वायरखालीही त्याच्या संकेतात विद्युतचुंबकीय गोंगाट मिसळत नाही. १५५० नॅनोमीटरच्या आसपास परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीतील दहा लाखांत एक भाग बदलाला) सुमारे १.२ पिकोमीटर सरकते, मात्र एका अंश सेल्सिअसला ती सुमारे १० पिकोमीटर सरकते. म्हणून प्रत्येक जोडणीवर, ताण न येणारा एक तंतू केवळ तापमानासाठी ठेवावा लागतो, आणि एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासह, मोजमाप झाल्याशिवाय बिघाडाविषयी विधान करू नये.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या खांबांना कार्बन फायबरचे वेष्टण करून घेण्याचा सल्ला कंत्राटदाराने दिला आहे. ते पोलादापेक्षा बळकट असते, हे खरे का?
— एक ज्येष्ठ सभासद, चेंबूर

उत्तर : तंतूंच्या दिशेने ताण सहन करण्यात ते साध्या पोलादापेक्षा कितीतरी बळकट असते, आणि खांबाला आडवे आवळून त्याची भार पेलण्याची क्षमता वाढवते. गोल खांबात हा लाभ अधिक मिळतो. चौकोनी खांबाचे कोपरे आधी गोलसर करून घ्यावे लागतात. माझी चिंता वेगळी आहे. गंजलेल्या सळईवर थेट वेष्टण चढवले, तर गंजाचे डाग आणि उभे तडे, हे जे दोन इशारे साध्या डोळ्यांना दिसत होते, तेच झाकले जातात. म्हणून सैल काँक्रीट काढणे, सळई घासून साफ करणे, जाडी घटलेल्या ठिकाणी नवी सळई जोडणे आणि गळती थांबवणे ही कामे आधी झालीच पाहिजेत. कार्बन विद्युतवाहक असल्याने उघड्या सळईला त्याचा स्पर्श झाला, तर गंजण्याचा वेग वाढतो. मध्ये काचतंतूचा किंवा रेझिनचा थर हवा. साध्या इपॉक्सी ६० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतात, त्यामुळे वाहनतळातील खांबांवर अग्निरोधक लेप निविदेतच नमूद करावा. काम संपल्यावर अभियंत्याच्या उपस्थितीत संपूर्ण पृष्ठभाग टकटक करून तपासावा आणि पोकळ वाजेल तेथे पुन्हा रेझिन भरून घ्यावे.

प्रश्न : वाकून पुन्हा मूळ आकारात येणारा धातू जुन्या दगड-विटांच्या इमारतींत वापरतात का?
— वाचक, गिरगाव

उत्तर : होय. निकेल-टायटॅनियमची ही मिश्रधातू ६ ते ८ टक्के ताणली तरी पूर्ववत होते. इटलीत असिसी येथील संत फ्रान्सिस बॅसिलिकाची १९९७ च्या भूकंपानंतर दुरुस्ती करताना छप्पर आणि भिंत यांच्या जोडणीत ती वापरली गेली. ती अतिशय महाग असल्याने मोजक्या सांध्यांपुरतीच परवडते. गिरगावातील लाकडी तुळयांच्या इमारतीत मात्र आधी तुळयांची भिंतीत गेलेली टोके उघडून पाहावीत, विशेषतः मोरीच्या आणि पावसाळी पाइपच्या बाजूची.