आयनेस्कोच्या 'द चेअर्स'मध्ये पात्रं, वस्तू आणि अर्थ यांचा अभ्यास कसा करावा?

तुमचा प्रश्न असा आहे: रत्नागिरीत टी. वाय.ला इंग्रजी साहित्य घेतलंय, अभ्यासाला फ्रेंच नाटककार यूजीन आयनेस्कोचं 'द चेअर्स' हे नाटक आहे, आणि गाइडमध्ये 'खुर्च्या म्हणजे पोकळी' यापलीकडे काही सापडत नाही. मग उत्तर लिहायचं तरी काय?

मी मालवणचा, हौशी नाटकं करतो. हे नाटक आम्ही तालमीला घेतलं होतं, म्हणून तालमीत जे दिसलं त्यावरूनच सांगतो. 'खुर्ची म्हणजे अमुक' हे तूर्त बाजूला ठेवा. खुर्ची कोण आणतं, कधी आणतं, कुठे ठेवतं आणि ती आल्यावर माणसांना काय करावं लागतं, एवढंच संहिता वाचताना वहीत उतरवा. अर्थ तुम्हाला त्या टिपणांतच सापडेल.

पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर दोनच खुर्च्या असतात. चहूबाजूंनी पाणी, म्हातारा पंचाण्णव वर्षांचा, म्हातारी चौऱ्याण्णवची. तो होड्या बघायला खिडकीतून वाकतो, ती त्याला मागे ओढते. साचलेल्या पाण्याचा वास येतो, डास येतात म्हणून कुरकुरते. खाडीकाठच्या घरात पावसाळा काढलेल्यांना ही कुरकुर ओळखीची वाटेल. म्हाताऱ्याला जगाला एक संदेश द्यायचाय, तो ऐकायला पाहुणे बोलावलेत आणि सांगायला एक वक्ता. मग होडी लागल्याचा आवाज, घंटी, आणि पहिली पाहुणी. ती आपल्याला दिसत नाही, पण दोघं तिच्याशी रीतीने बोलतात, तिला खुर्ची देतात. मग एक कर्नल, मग म्हाताऱ्याची जुनी प्रेयसी, मग घंटीवर घंटी. म्हातारी खुर्च्या आणून आणून धापा टाकते. शेवटी खुद्द सम्राट येतो, तोही अदृश्य.

दशावतारात एकच बाकडं असतं ना? राजा बसला की ते सिंहासन, गरज पडली की डोंगर, आणि आपण निमूट मान्य करतो. आयनेस्को नेमकं उलट करतो. इथे वस्तू ढीगभर, पण खुर्ची ही शेवटपर्यंत खुर्चीच राहते, आणि रिकामीच. प्रेक्षकाने ती कल्पनेने भरायला घेतली तरी लाकूड डोळ्यांसमोरून हटत नाही.

आम्ही मंडपवाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. पहिल्या तीन-चार खुर्च्यांपर्यंत म्हातारी करणारी मुलगी म्हाताऱ्याच्या शेजारीच होती, त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. खुर्च्या वाढल्या तशी ती मागे मागे गेली. पदर एका खुर्चीच्या हाताला अडकला, सोडवून निघाली तर पुढे वाटच नव्हती. थोड्या वेळाने दोघं दोन टोकांच्या खिडक्यांपाशी, आणि मघाची लाडाची भाषा आता ओरडून बोलावी लागत होती. हे मी दिग्दर्शक म्हणून बसवलं नव्हतं, संहितेतच आहे: गर्दी दोघांना एकमेकांपासून तोडते. शेवटी ते समुद्रात उड्या टाकतात, त्याही वेगवेगळ्या खिडक्यांतून. एकत्र मरायची इच्छा म्हातारा बोलून दाखवतो, पण मधे खुर्च्या आहेत. माझ्या मते या नाटकातली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच, आणि 'पोकळी' म्हणून मोकळं झालं की नेमकी तीच हातची जाते.

पात्रांसाठीही हीच रीत. 'एकाकी वृद्ध जोडपं' लिहून थांबू नका. म्हातारी पाहुण्यांना सांगते की आम्हाला एक मुलगा होता, सात वर्षांचा असताना घर सोडून गेला. त्याच सुमारास म्हातारा दुसऱ्या कुणाला सांगत असतो की आम्हाला मूलबाळ झालंच नाही. तो म्हणतो, मी आईला मरायला टाकून गेलो. ती म्हणते, आईबापांवर याचा फार जीव. खरं काय, हे नाटक सांगत नाही. जन्मभर एकत्र काढलेल्या दोघांकडे एक सामाईक भूतकाळसुद्धा नाही. दोन्ही जागा समोरासमोर ठेवून अर्धं पान लिहिलंत तर ते गाइडमध्ये मिळणार नाही असं उत्तर होईल.

संदर्भ थोडक्यात द्या. पहिला प्रयोग पॅरिसला, 1952 साली, दिग्दर्शक सिल्व्हाँ दोम. आयनेस्कोने नाटकाला 'शोकात्म प्रहसन' म्हटलं होतं. दोम यांना लिहिलेल्या पत्रात त्याने विषय म्हाताऱ्याचा संदेश नसून खुर्च्याच, म्हणजे माणसांचं नसणं, असल्याचं स्पष्ट केलं. 'ॲब्सर्ड नाटक', म्हणजे जगण्यातली अर्थशून्यता दाखवणारं नाटक, ही ओळख समीक्षक मार्टिन एस्लिनच्या 1961 च्या पुस्तकाने रूढ केली. सॅम्युएल बेकेटशी तुलना विचारली तर त्याच्या 'वेटिंग फॉर गोदो' नाटकातल्या लकी या पात्राची टोपी घ्या: ती डोक्यावर असल्याशिवाय त्याला विचार करता येत नाही, आणि हिसकावल्यावरच त्याचं भाषण थांबतं. तिथेही टोपी काय करते तेच बघायचं.

वक्त्याला मात्र विसरू नका. म्हाताऱ्याचा आयुष्यभराचा संदेश सांगायला आलेला हा माणूस खराखुरा, दिसणारा नट असतो. तरी तोच अवास्तव वाटावा अशी सूचना आहे. आणि तो निघतो मुका-बहिरा. घशातून आवाज काढतो, फळ्यावर अर्धवट अक्षरं लिहितो, निघून जातो. बरेच विद्यार्थी इथेच वाचन थांबवतात. त्यानंतरची रंगसूचना जरूर वाचा: रिकाम्या खुर्च्यांमधून पहिल्यांदाच गर्दीचा आवाज येतो, हसणं, कुजबूज, खोकणं. दोघं जिवंत असताना तो आपल्याला का ऐकू आला नाही, यावर तुमचं मत मांडा आणि त्याला संहितेतला आधार द्या.