मुलं लहान असताना जास्त पगाराची लांबची नोकरी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की सध्या १४ लाख पगार आहे आणि ऑफिस दहा मिनिटांवर. नवी ऑफर २१ लाखांची, पण जाऊन-येऊन अडीच तास मोडणार. मुलगा ४ वर्षांचा, मुलगी १० महिन्यांची. पगार बघू की वर्क-लाइफ बॅलन्स?

असं विचारलं की जो तो सांगतो, मुलांचं बालपण परत येत नाही, जवळचीच बरी. मी सांगते, ऑफर घ्या. फक्त सही करण्याआधी एक गोष्ट खोदून विचारा : क्लायंट कुठल्या देशातला आहे?

मी पुण्यात कोथरूडला राहते. २०२३ संपेपर्यंत बावधनच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये होते. स्कूटरवर बारा मिनिटं. दुपारी घरी जेवायला यायचे, धाकट्याला पाजून परत जायचे. घरी सासूबाई, लेकीची शाळा दोन गल्ल्या सोडून. ज्याला सांगावं तो म्हणायचा, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटायचं, म्हणून तर अप्रेझलला हातावर काहीही टेकवलं तरी मुकाट घेत राहिले.

क्लायंट कॅलिफोर्नियाचा होता. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं मागे घेतली की साडेदहा. म्हणजे सहाला घरी यायचं आणि जेवणं उरकतात न उरकतात तोच परत बसायचं. मॅनेजर म्हणायचे, तासाभराचा तर कॉल आहे. पण साडेनऊला कॉल असला की आठपासून डोकं त्यातच असतं. पोरांना घास भरवायचे घाईघाईने, गोष्ट अर्ध्यावर सोडायची, कोणी पाणी मागितलं तरी वसकन ओरडायचं.

ऑगस्ट २०२३ मधली एक रात्र सांगते. लेक सीनियर केजीत होती, दुसऱ्या दिवशी शाळेत फॅन्सी ड्रेस. ती भाजीवाली होणार होती. चार ओळी पाठ केल्या होत्या आणि त्या मला एकदा म्हणून दाखवायच्या होत्या, एवढंच. नवरा फिरतीवर, सोलापूरला. सासूबाई धाकट्याला घेऊन त्यांच्या खोलीत. मी बेडरूमचं दार लावून कॉलवर. लेक दोनदा दार ढकलून आत आली, दोन्ही वेळा मी हाताची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. तिसऱ्यांदा आली नाही. मला वाटलं, आजीजवळ जाऊन झोपली. सॉफ्टवेअरची रिलीज अडकली होती, कॉल अकराला संपला. दार आत ओढलं तशी ती माझ्या पायांवर कलंडली. दाराला टेकून बसल्या बसल्याच झोपली होती. अंगात सकाळसाठी आणलेली शिवलेली नऊवारी, कपाळावरची चंद्रकोर घामाने भुवईपर्यंत ओघळलेली, मांडीवर परडी, परडीत मेथीची जुडी मान टाकून पडलेली. उचलून घेतलं तर झोपेतच म्हणाली, "झाली पाच मिनिटं?"

सकाळी तिला दोनच ओळी आठवल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या, ती हसत खाली उतरली, तिच्या लेखी विषय संपला. मी त्याच आठवड्यात रेझ्युमे बाहेर काढला.

खराडीची ऑफर आली ती दीडपटीहून जास्त पगाराची. कोथरूडपासून सतरा-अठरा किलोमीटर, तेही सगळं गाव ओलांडून. पण क्लायंट जर्मन. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड चालू असताना दिवाळी आली आणि भाऊबीजेला मोठ्या नणंदबाई आमच्याकडे होत्या. भरल्या पंगतीत म्हणाल्या, "इथे काय कमी होतं गं? चार पैशांसाठी पोरं बाईच्या हवाली करून पार खराडीला जायचं?" मी वाढत होते. नवऱ्याने मान खाली घालून श्रीखंड संपवलं.

या माणसाची महिन्यातले दहा-बारा दिवस फिरती असते. लेक जन्मली त्या आठवड्यातही तो कोल्हापूरला होता. ताईंनी त्याला एकदाही विचारलं नाही की पोरांना टाकून कशासाठी जातोस. त्याची ती नोकरी आणि माझी ती हाव. मी तेव्हा ताईंना काही बोलले नाही, ते अजून सलतं, म्हणून इथे लिहिते.

आणि दुसरं. बावधनच्या माझ्या त्या नोकरीचा बॅलन्स कोणाच्या जिवावर होता? सासूबाईंच्या. ६८ वर्षांच्या बाईने दिवसभर दोन पोरं सांभाळायची, दोन्ही गुडघे दुखत असताना धाकट्याला कडेवर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचं. आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. त्याबद्दल ताई कधी बोलल्या नाहीत, आणि ती तर त्यांची सख्खी आई.

जानेवारी २०२४ ला रुजू झाले. पहिले दोन महिने वाईट गेले, ते लपवत नाही. नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये कॅबला दीड तास, कधी पावणेदोन. संध्याकाळी घरी पोचले की धाकटा सांभाळायला ठेवलेल्या मावशींच्या कडेवरून माझ्याकडे यायला मागायचा नाही, उलट तोंड फिरवायचा. फेब्रुवारीत एका रात्री ताईंचंच खरं असं वाटून मी राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला होता. मग ६ मार्चला मेट्रोचा रूबी हॉल ते रामवाडी टप्पा सुरू झाला. वनाजला बसलं की थेट रामवाडी, तिथून कंपनीची बस. घर ते डेस्क सव्वा तास लागतो, पण रोज सव्वाच लागतो. त्यात मला बसायला मिळतं, भाजीची यादी होते, आईला फोन होतो, कधी वीस मिनिटं डोळा लागतो. स्कूटरच्या बारा मिनिटांत यातलं काही होत नव्हतं.

जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, थंडीत साडेचार. त्यांचे दुपारचे दोन म्हणजे आपले साडेपाच किंवा साडेसहा. आमच्या लीडने क्लायंटला पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलंय की भारतातल्या लोकांबरोबरच्या मीटिंगा त्यांच्या जेवणाच्या सुट्टीआधी. मी संध्याकाळी पावणेसहाला डेस्कवरून उठते, सातला घरात असते आणि त्यानंतर लॅपटॉप बॅगेतून बाहेर येत नाही. दोन वर्षांत फक्त एका रिलीजच्या आठवड्यात रात्री बसले, आणि त्याचा कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, मिळाली.

वाढलेल्या पगारातून आधी घरात माणसं वाढवली. सकाळी आठ ते संध्याकाळी सात मावशी, दोन्ही वेळच्या पोळी-भाजीला काकू. सासूबाई आता दुपारी झोपतात, गुरुवारी भजनाला जातात. लेकीला रात्री गोष्ट पूर्ण मिळते.

आता तुमचे आकडे. १४ वरून २१ म्हणजे ७ लाख जास्त, पण ते सगळे हातात येत नाहीत. नव्या कररचनेत २०२५-२६ च्या स्लॅबने, ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरून, १४ लाखांवर कर बसतो साधारण ८२ हजार आणि २१ लाखांवर २ लाख १४ हजार. म्हणजे वाढीतले ५ लाख ६७ हजार उरतात, महिन्याला ४७ हजार. तेही २१ च्या २१ पक्के धरून. सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या एकूण आकड्यात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, कामगिरीवर कमी-जास्त होणारं व्हेरिएबल असतं. व्हेरिएबल किती टक्के आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती दिलं, हे एचआरला विचारा. ते वजा करून महिन्याला तीसच हजार उरत असतील तर त्यात पूर्ण वेळची मावशी बसते का, ते आजच तुमच्या भागात चौकशी करून बघा. नसेल बसत, तर माझं वरचं सगळं तुम्हाला लागू नाही.

टीममधल्या एखाद्या लहान मुलांच्या आईशी किंवा बापाशी फोनवर बोलू द्या, असा एचआरकडे आग्रह धरा. आणि त्यांना "इथे बॅलन्स कसा आहे" असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. "काल लॅपटॉप किती वाजता बंद केलात?" असं विचारा. मला खराडीच्या मुलीने क्षणभरही न थांबता सांगितलं, सव्वासहा. दुसऱ्या एका कंपनीतला गृहस्थ आधी बराच वेळ गप्प राहिला. ती ऑफर मी सोडली, पगार तिथे आणखी जास्त होता.

पाळणाघराचंही विचारा. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. कागदावर सोय असते आणि पाळणाघर तीन किलोमीटरवर निघतं, तेव्हा नेमका पत्ता मागा. आत्ताच्या कंपनीत पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबा. जॉइनिंग बोनस देत असतील तर वर्षाच्या आत सोडल्यास परत करावा लागतो का, ते ऑफर लेटरमध्ये वाचा.

हेही खरं की माझ्याकडे सासूबाई होत्या आणि आहेत. मावशींवर घरातलं कोणाचं लक्ष नसेल तर मी एवढ्या ठामपणे बोलले नसते. तुमच्या घरी कोण आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आणि प्रोजेक्ट बदलतात. उद्या मला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या क्लायंटवर टाकलं तर मी दुसऱ्या दिवशी पेपर टाकीन, पगार काहीही असो. तुमचा नवा क्लायंट तिकडचा निघाला तर २१ लाखांना खुशाल नाही म्हणा.

धाकटी १० महिन्यांची म्हणता. अजून अंगावर पीत असेल तर जॉइनिंगची तारीख महिना-दोन महिने पुढे मागून घ्या. नव्वद दिवसांची नोटीस असली की तशीही ती वर्षाची होऊन जाईल. मी पंधरा दिवस जास्त मागितले होते, त्यांनी एका मेलवर दिले.