मूळ गावाचा रकाना

घरी तेलुगू बोलत महाराष्ट्रात वाढलो, आणि मी डॉक्टर व्हावे असे वडिलांना वाटते, असे तू लिहिलेस. तू नेमका कुठला, असे कोणी विचारले तर गोंधळू नकोस. माझेही वडील तेलंगणातील निजामाबादहून नांदेडला आले. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि अर्जातील ‘मूळ गाव’ या रकान्याशी माझे पेन हमखास अडायचे. पुढे कळले की १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. ओळखीचा प्रश्न सावकाश सुटतो (माझा अजून पुरता सुटलेला नाही), परंतु कागदपत्रांना उशीर चालत नाही: अधिवास प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रातील १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात, आणि इतर मागासवर्गाच्या जातप्रमाणपत्रासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून येथे होते का, हे पाहिले जाते, म्हणून शाळेचे दाखले आणि वडिलांच्या जुन्या भाडेपावत्या आजच एका पिशवीत घालून ठेव. डॉक्टर होण्याचे स्वप्न तुझे की वडिलांचे, हे मात्र बारावीपूर्वी त्यांच्यासमोर बसून, तेलुगूतच बोल.