येशू राजा असेल तर त्याने नोकरासारखे शिष्यांचे पाय का धुतले? हा दुबळेपणा नाही का?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या देवळातल्या बारा खुर्च्या आठवल्या.

मी वसईचा, कॅथलिक. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेत (आमच्या उपासनेत) फादर बारा जणांचे पाय धुतात, हे एव्हाना ऐकलं असेलच. ते बारा कसे निवडतात ते मात्र कोणी सांगत नाही. माझ्या लहानपणी आमच्याकडे ती यादी धर्मग्राम परिषदेतली, म्हणजे देवळाच्या कमिटीतली, चार-पाच माणसं करायची. ज्याने देवळाला पंखे दिले तो, जो नुकताच गल्फहून परतला तो, आणि उरलेल्या जागी यादी करणारे स्वतः. माझे काका दरवर्षी असायचे. त्यांची खुर्ची मधल्या वाटेच्या कडेची, म्हणजे फोटोत हमखास येणारी.

वडील देवळाची वरची सगळी कामं बघायचे. घंटा, मेणबत्त्या, वेदीवरची कापडं. पाय धुताना फादरांच्या मागे तांब्या आणि घंगाळ घेऊन तेच उभे. बाराही टॉवेल धुवायला आमच्या घरी यायचे, आई त्यांना नीळ घालायची. खरं तर गरज नसायची. लोक घरूनच पाय दगडाने घासून, पावडर लावून यायचे. काका तर दुपारपासून मोजे चढवून बसायचे.

मी नववीत होतो त्या वर्षी एक खुर्ची रिकामी राहिली. कोणाला तरी ताप आला होता. फादर नवीन होते, त्यांना आमची उतरंड माहीत नव्हती. त्यांनी वडिलांकडे पाहिलं आणि खुर्ची दाखवली. वडील वाडीतून तसेच आले होते. टाचांना भेगा, भेगांत माती, बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. फादर हलले नाहीत. गाणं संपलं, पेटीवाल्याने पुन्हा पहिल्या कडव्यापासून धरलं. शेवटी वडिलांनी घंगाळ फादरांकडे दिलं, तांब्या माझ्या हातात दिला (मी वेदीवर सेवेला असायचो) आणि ते बसले. फादरांनी अंगठ्याने एकेक भेग पुसून काढली. घंगाळातलं पाणी काळं झालं. वडील पूर्ण वेळ छताकडे बघत होते.

घरी आल्यावर काका वडिलांना म्हणाले, "तुला नाही म्हणता आलं नाही? माणसानं आपली पायरी ओळखावी. येशूने शिकवलेली नम्रता म्हणतात ती हीच."

हे वाक्य मला आज तीस वर्षांनंतरही टोचतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच उलट बाजूला आहे.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) तेरावा अध्याय काढा. येशू जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो. पण त्याच्या जेमतेम एक ओळ आधी योहान सांगतो की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय हे त्याला ठाऊक होतं. ज्या हाती सगळं दिलंय, त्याच हातांनी पाय धुतलेत. दुबळा माणूस मिळालेली खुर्ची सोडत नाही, सोडता येणं हीच ताकद. आणि धुऊन झाल्यावर तो 'मी कसला गुरू' असा विनयही करत नाही. तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, असं स्वच्छ सांगतो. म्हणजे राजेपण खुंटीला टांगून केलेलं काम नव्हे हे, त्याच्या मते राजाचं काम हेच.

त्याच जेवणाच्या वेळी शिष्यांमध्ये आपल्यात मोठा कोण यावरून जुंपली होती, असं लूक त्याच्या शुभवर्तमानात लिहितो. त्याआधी याकोब आणि योहान या शिष्य भावांनी येशूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागून झाल्या होत्या. मार्कचं शुभवर्तमान म्हणतं त्यांनी स्वतः मागितल्या, मत्तयचं म्हणतं त्यांची आई मागायला आली. खुर्च्यांची भानगड आमच्या देवळात सुरू झालेली नाही!

एक शब्द मराठी वाचकाला फसवतो. पौल हा प्रेषित फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं स्वरूप घेतलं. आपल्याला 'दास' म्हटलं की रामदास आठवतात, शब्द गोड वाटतो. मूळ ग्रीक शब्द 'दूलोस', म्हणजे मालकीचा गुलाम. उलट 'खंडणी' हा शब्द मराठीत जास्त चपखल बसलाय. मार्कात येशू म्हणतो की मी सेवा करून घ्यायला नाही, करायला आलो, आणि आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो. आपण बघितलेले राजे खंडणी वसूल करणारे. हा स्वतःच खंडणीत जातो.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. ख्रिस्ताची नम्रता ही वरच्याने खाली उतरायची गोष्ट आहे. आधीच खाली बसलेल्याला 'नम्र राहा' म्हणून सांगायला ती वापरणं ही शुद्ध लबाडी. पेत्र या शिष्याने "माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत" म्हटलं तेव्हा येशूने त्याच्या संकोचाचं कौतुक केलं नाही, मग तुझा माझ्यात वाटा नाही म्हणून दटावलं. वडील बसले ते बरोबरच बसले. आणि हो, त्या बारा शिष्यांत येशूला दगा देणारा यहूदाही होता, त्याचेही पाय धुतले गेले. म्हणजे काकाही चालतात, माझी हरकत फक्त यादीला आहे.

मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. पाय धुण्यात बाप्तिस्म्याचा, शुद्धीचा अर्थही आहे, तो तुम्हाला एखादे फादर नीट सांगतील. प्रॉटेस्टंट मंडळींत सगळीकडे हा विधी नसतो. आणि परिस्थिती बदलली आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले, त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. 2016 पासून नियमच बदलला आणि बायकांनाही बसता येऊ लागलं. आमच्याकडेही आता यादी वेगळी होते.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या ईस्टरला जेवताना मी पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, पाणी काळंबिळं काही झालं नव्हतं, तू उगाच तिखटमीठ लावतोस. आई वाढत होती. म्हणाली, "टॉवेल मी धुतलाय. दोनदा नीळ घातली तरी गेला नाही डाग."