वर्ष-दोन वर्षांत एखाद्याच वेळी कुणाबद्दल शारीरिक ओढ वाटली, तर स्वतःला असेक्शुअल म्हणता येतं का?

हो, म्हणता येतं. असेक्शुअल म्हणजे कुणाबद्दल शारीरिक ओढ न वाटणारे किंवा फार कमी वाटणारे लोक, आणि त्यातलंच ग्रे-असेक्शुअल म्हणजे हेच, ओढ क्वचित वाटते किंवा इतकी पुसट असते की पुढे काही करावंसंच वाटत नाही. असेक्शुअल झेंड्यात काळा, करडा, पांढरा, जांभळा असे चार पट्टे आहेत ना, २०१० पासूनचा झेंडा आहे तो, त्यातला करडा आपला.

माझं सांगते, कॉलेजात असताना पुण्यातल्या झेड ब्रिजवर मैत्रिणी बॉयफ्रेंडबद्दल बोलायच्या आणि मी कणसाचे दाणे सोलत नुसती मान हलवायचे, मला वाटायचं या वाढवून सांगतायत. मग २६व्या वर्षी एकदाच एकाबद्दल तसं वाटलं आणि कळलं की अरे, त्या खरंच सांगत होत्या! नंतर पुन्हा काही नाही. प्रेम वाटतं हां मला, खूप वाटतं, पण प्रेम आणि शारीरिक ओढ जोडीनेच येतात असं नाही.

"लग्न झालं की होईल सगळं नीट" हे अजिबात मनावर घेऊ नकोस, हा आजार नाहीये. इच्छा अचानक कमी झाली असेल आणि त्याचा त्रास होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव, ती गोष्ट वेगळी. आणि घरचे स्थळं बघत असतील तर समोरच्याला हे आधीच सांग, प्लीज.