दुपारची सावली, सोलांचा डाग आणि उशिरा येणारी ओहोटी

प्रश्न (आठवी, म्हापसा): 21 जूनला दुपारचा सूर्य सर्वांत उंच असतो असं वाचलं होतं. त्या दिवशी थोडं ऊन पडलं तेव्हा काठी उभी केली, तर सावली पडली, तीही दक्षिणेला. असं का?

तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे. ते वाक्य कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या गावांना लागू पडतं, आपल्याला नाही. पणजी साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. 21 जूनला सूर्य जवळपास साडेतेवीस अंशांपर्यंत वर सरकलेला असतो, म्हणजे आपल्या माथ्यापासून 8 अंश उत्तरेला. त्यामुळे मीटरभर काठीची सावली सुमारे 14 सेंटिमीटर, आणि ती दक्षिणेकडेच पडणार.

सूर्य गोव्याच्या बरोबर माथ्यावर वर्षातून दोनदा येतो: 2-3 मे आणि 10 ऑगस्टच्या आसपास. ऑगस्टात ढग असतात, म्हणून मे पकडा. काणकोणात हा दिवस पणजीच्या एक-दोन दिवस आधी येतो. वेळ मात्र 12 ची नाही! घड्याळ चालतं 82.5 रेखांशावर, आपण जवळपास 74 वर. एका अंशाला 4 मिनिटं धरली की 34-35 मिनिटांचा फरक पडतो; पण मेच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, म्हणून तेव्हा आपली खरी दुपार 12 वाजून 31-32 मिनिटांनी होते.

त्या वेळी सावली नाहीशी होते का, हे पाहायला 30 सेंटिमीटर लांबीचा, दोन्ही टोकं सरळ कापलेला पीव्हीसी पाइप घ्या. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो आणि बहुतेकांचा प्रयोग तिथंच फसतो. पाइप एक अंश जरी कलला तरी 5 मिलिमीटर सावली दिसते. म्हणून खाली फळी ठेवा, तिला पाचरी लावा आणि पाइप दोन बाजूंनी ओळंब्याला लावून पाहा. 12.20 पासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करा. सूर्याकडे थेट पाहू नका.

प्रश्न (सहावी, फोंडा): शर्टावर सोलांचं (आमसुलांचं) पाणी सांडलं. आईनं साबण लावला तर लाल डाग निळसर झाला. साबणात निळा रंग होता का?

नाही, रंग सोलांचाच. भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात. आम्लात ती लाल दिसतात, अल्कलीत त्यांच्या रेणूची रचना बदलते आणि रंग जांभळा-निळसर होतो. साबण अल्कधर्मी असतो. ओल्या डागावर लिंबू पिळलं तर लाली बरीचशी परत येते.

हे पेल्यात करून पाहा. चार सोलं अर्धा कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि गाळा. त्यातले दोन चमचे अर्ध्या पेला पाण्यात घाला. आता खाण्याचा सोडा चिमूट-चिमूट टाका. सुरुवातीला नुसता फेस येईल, रंग हलणार नाही, कारण सोडा आधी आम्ल संपवण्यात खर्च होतो. इथं अनेक जण कंटाळून थांबतात. थोडा धीर धरा, रंग पालटतो. पाणी न मिसळता दाट रस घेतला तर सोडा फार लागतो. सोलं जुनी होऊन तपकिरी पडली असतील तर रंगद्रव्य आधीच बिघडलेलं असतं, तेव्हा यंदाची सोलं घ्या. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, म्हणून हा प्रयोग झाकण लावलेल्या बाटलीत कधीच करू नका.

प्रश्न (सातवी, चिखली): काल दुपारी 2 वाजता पूर्ण ओहोटी होती. आज त्याच वेळी तिसऱ्या (शिंपल्या) काढायला गेलो तर पाणी अजून उतरतच होतं.

चंद्रामुळे. पृथ्वी एक फेरी पूर्ण करीपर्यंत तो आपल्या कक्षेत सुमारे 13 अंश पुढे गेलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सरासरी 50 मिनिटं जास्त लागतात. म्हणून आज 2 ऐवजी पावणेतीनच्या सुमारास जायचं. आठवड्याभरात त्याच वेळेला भरती असेल आणि पंधरवड्यानं पुन्हा ओहोटी. पाणी सर्वांत दूर ओसरतं ते अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत. पण भरतीही तेव्हाच मोठी असते, त्यामुळे मोठं माणूस बरोबर हवंच.

प्रश्न (पाचवी, सांगे): खोबरेल गोठलं तरच शुद्ध, असं आजी म्हणते. खरं का?

अर्धं खरं. खोबरेल सुमारे 24 अंशांखाली थिजतं, त्यामुळे जानेवारीतल्या पहाटे सांग्यात ते थिजायलाच हवं. पण थोडी भेसळ असलेलं तेलही थिजू शकतं. आजीला एक गंमत दाखव: अर्धवट थिजलेल्या बाटलीत घट्ट भाग तळाशी बसलेला असतो. पाण्यावर बर्फ तरंगतो, कारण पाणी गोठताना फुगतं. खोबरेल आकसतं, म्हणून थिजताना त्याची काचेची बाटली फुटत नाही.