‘मी नाही हसले तर?’

“मॅडम, हिला कुणी काही करत नाही. तरी व्हॅनची वेळ झाली की रोज पोट दुखतं.” समुपदेशनासाठी आणलेल्या तिसरीतल्या मुलीची आई सांगत होती. डॉक्टरांनी तपासलं होतं, दुखण्यासारखं काही सापडलं नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी मुलीला व्हॅनचं चित्र काढायला सांगितलं. मागच्या सीटवर एक लहान मुलगा आणि त्याच्याकडे वळलेली मोठमोठी हसरी तोंडं. त्यातलं एक तिचं स्वतःचं. तो दुसरीतला मुलगा बोलताना अडखळतो. पाचवीतला एक दादा “प-प-पाणी” अशी त्याची नक्कल करतो आणि सगळे खिदळतात.

“मी नाही हसले तर तो मलापण चिडवेल,” ती म्हणाली. मग खडूचा कागद सोलत सोलत, “तो छोटा मुलगा नंतर घर येईपर्यंत बोलतच नाही.”

म्हणजे त्याचं दुःख तिला कळत होतं. ‘तुला कुणी असं केलं तर?’ हे प्रवचन तिला देण्यात अर्थच नव्हता. आईनं बजावलं होतं, “आपण कशाला मध्ये पडायचं?” आईची भीती खोटी नाही. आठ वर्षांच्या मुलीनं पाचवीतल्या पोराला भिडावं असं मीही म्हणणार नाही. पण अशी नक्कल हसणाऱ्यांच्या जिवावर चालते. टोरांटोतल्या शाळांच्या मैदानांवरचं एक निरीक्षण २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. बाकीची मुलं मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास १० सेकंदांत थांबला होता. फिनलंडच्या शाळांतला चिडवणं-छळणं थांबवण्यासाठीचा ‘किवा’ हा कार्यक्रमही बघ्या मुलांवरच भर देतो.

खोलीत खुर्च्या मांडून आम्ही व्हॅन केली. दादा मी झाले. न हसणं तिला सगळ्यात अवघड गेलं. माझी नक्कल बहुधा फारच चांगली होती. मग त्या मुलाशेजारी जाऊन बसायचं, डब्यात काय आहे विचारायचं आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं. अडखळणाऱ्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, हे तिला नवीन होतं. “मला नाही हसू येत,” हे वाक्य तिनं स्वतःच ठरवलं.

दादाला आवरणं हे मोठ्यांचं काम. आई व्हॅनवाल्या काकांशी आणि वर्गशिक्षिकेशी बोलली, मुलीचं नाव न घेता. काकांनी दादाला पुढे आपल्या शेजारी बसवलं. तरी “तो तुझा नवरा का?” असं तिला ऐकावं लागलंच. पुढच्या भेटीत ती चिडून आली होती, पण पोटाचा विषय निघाला नाही.

“व्हॅन बदलू का?” आईनं विचारलं. मी नको म्हटलं. दादाच्या घरच्यांना बोलवायला शाळेला सांगा, त्याच्याशीही कुणीतरी नीट बोलायला हवं. मात्र पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे काढू नका. तिथे त्याचे आईवडील त्याची बाजू घेऊन भांडत बसतील आणि व्हॅनमध्ये सगळं पूर्वीसारखंच चालू राहील.